माझ्या नावावरचे तास

६ फेब्रुवारी

चि. गुंड्यास ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

पन्नाशीला टेकलेल्या, हाताखाली वीस माणसं असलेल्या गृहस्थाला गुंड्या म्हणू नये हे मला कळतं. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव नीट अक्षरात लिहिलं आहे, आणि आतलं काही पोस्टमन वाचत नाही.

मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. खिडकीची तडकलेली काच घरमालकाने अजून बदललेली नाही, मी तिला चिकटपट्टी लावली आहे. आईची खाट शेवटी काढून टाकली. खालच्या मजल्यावरच्या शिवणाऱ्या बाईंना कापडं ठेवायला काहीतरी हवं होतं, त्यांना दिली. खोली एकदम मोठी झाली. एवढ्या मोठ्या खोलीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

इस्पितळाच्या धुलाईखात्यातलं काम जसं होतं तसंच. सकाळी सहा ते दोन. मी अजून गरम रोलरवरच आहे. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची, आत सोडायची, पलीकडून ती पापडासारखी कडक होऊन येते. आवाज इतका की बोलणं शक्यच नाही. आठ तास समोरच्या बाईकडे बघून माना हलवायच्या. बावीस वर्षांत मानेचा व्यायाम मात्र चांगला झाला.

मुलीचा अभ्यास कसा चालला आहे? फी भरल्याचं तू मागच्या चिठ्ठीत कळवलं होतंस. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच उजवीकडे घसरतं.

आता मुख्य गोष्ट. या महिन्यात मला पैसे पाठवता येणार नाहीत. पगारात काहीतरी घोळ झाला आहे. पगाराची चिठ्ठी हातात पडली तर खाली एक नवी ओळ, 'जादा दिलेल्या रकमेची वसुली', आणि वजाबाकी करून उरलेला आकडा असा की भाडंसुद्धा निघू नये. मला वाटलं दुसऱ्या कुणाची चिठ्ठी आली. मुकादमाला दाखवली.

तो म्हणाला, "बरोबर आहे बाई. सात महिने तुम्हाला जास्त जात होतं. चूक ऑफिसची, पण पैसे तुमच्याच खात्यात गेले ना? ते कापून घेणारच."

"पण सगळे एकदम? मला आधी सांगितलंही नाही कुणी."

"कॉम्प्युटरने कापले. त्याला कुठे कळतं?"

खरं आहे. कॉम्प्युटरला भाडं भरावं लागत नाही.

हे जास्तीचे पैसे कसे आले, कशाचे आले, मला काय कळतं त्यातलं? पगार येतो तो घ्यायचा आणि चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायची. तू उगाच काळजी करू नकोस. मार्गी लागेल. फक्त पैसे का आले नाहीत म्हणून तुला वेगळंच काही वाटू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

वहिनीला नमस्कार, मुलीला आशीर्वाद. सवड झाली की दोन ओळी लिही.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तुझे पैसे मिळाले. पासबुकात तुझं नाव आणि पुढे आकडा. मी दर महिन्याला पाठवत होते तेवढाच, एका महिन्याचा, वर ना खाली. मागून पत्र येईल म्हणून आठ दिवस थांबले. आज थांबणं पुरे केलं.

मी ते परत पाठवत नाही. मागे एकदा तुझं पाकीट मी परत सरकवलं होतं, त्याची किंमत दोन वर्षं मोजली. या वेळी मुकाट्याने भाडं भरलं. उरल्यातून पीठ, तेल आणि गुडघ्याचं मलम. तेव्हा तुझी बहीण उपाशी नाही, एवढं समज.

तुला एक सांगायचं आहे. आमच्या खात्यात माझ्याच नावाची आणखी एक बाई आहे. नाव तेच, आडनावही तेच, नातं काही नाही. ऑफिसातल्या आमच्या नंबरांत शेवटच्या आकड्याचाच फरक. ती दोन ते दहाच्या पाळीला असते, म्हणून सगळे मला 'सकाळची' आणि तिला 'दुपारची' म्हणतात. इतक्या वर्षांत आमची ओळख म्हणजे दोन वाजता फाटकात मी बाहेर पडताना ती आत येते, एवढीच. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान असेल. भरभर चालते.

मागच्या सोमवारी ती फाटकाच्या आत न जाता बाहेर माझी वाट बघत उभी होती.

"मावशी, तुमच्या पगारातून कापले म्हणतात. किती महिन्यांचे?"

"सात."

तिने पिशवीतून एक छोटी वही काढली. रविवारच्या तारखा, पुढे तास, सगळं पेन्सिलने. जुलैपासून ती रविवारी जादा तास थांबते. शस्त्रक्रियेचे कपडे रविवारी साठतात, ते ती एकटी धुऊन वाळवून ठेवते. त्या तासांची एक दमडी तिला आजवर मिळालेली नाही. दर महिन्याला विचारायला गेली की पगार कारकून म्हणायचा, तुमच्या नंबरावर जादा तास नाहीत. ते तास माझ्या नंबरावर पडत होते.

"पैशाचं एक वेळ सोसलं असतं," ती म्हणाली. "पण रविवारी मी घराबाहेर, आणि पगार पहिल्याएवढाच. सासूने विचारायला सुरुवात केली, मग ही बाई रविवारी जाते कुठे? नवरा आधी हसला. मग तोही विचारायला लागला."



मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तुम्हाला कळलं नव्हतं का हो मावशी?"

मी म्हटलं, "नाही गं."

ती म्हणाली, "नसेलच. आपल्याला चिठ्ठीतलं कुठे कळतं?" आणि आत गेली. तिला पाच मिनिटं उशीर झाला होता, तेवढे तिचे कापले असतील.

आता गंमत ऐक. माझ्याकडून वसूल झाले म्हणजे तिला मिळाले असतील असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण कारकून तिला म्हणतो, तुम्ही तेव्हा हजर होता याची आमच्याकडे नोंद नाही. मला सांगतात, हे तास तुमचे नाहीत. तिला सांगतात, तुमचेही नाहीत. मग काय ते कपडे भुतांनी धुतले? पैसे मात्र दोघींचेही ऑफिसातच.

तिने कामगार कार्यालयात तक्रार केली आहे. वीस मार्चला सुनावणी आहे, आणि मी येऊन साक्ष द्यावी असं तिचं म्हणणं आहे. मुकादमाला वास लागला. परवा माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. त्यात होतं की जास्त पैसे येत असल्याचं मला माहीत नव्हतं, ही वसुली मला मान्य आहे आणि माझी कोणतीही तक्रार नाही.

"सही करा. मग दर महिन्याला थोडं थोडं कापायला लावतो, मी बोलतो ऑफिसशी. त्या सुनावणीच्या भानगडीत मात्र पडू नका. तिथे वकिलासारखे प्रश्न विचारतात. तुमची दोनच वर्षं राहिलीत निवृत्तीला."

मी म्हटलं, चष्मा घरी राहिलाय. तो माझ्या कपाळावरच होता. मुकादमाने काही दाखवलं नाही, बिचारा तसा वाईट नाही.

कागद इथे टेबलावर आहे. गुंड्या, तू अशा कागदांत मुरलेला माणूस. सही करावी की नाही? एक शब्द लिहिलास तरी पुरे.

तुझी,
ताई


२४ मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तुझा शब्द आला नाही. कामात असशील. वीस तारीख मात्र कुणासाठी थांबली नाही.

आधीच्या दोन्ही पत्रांत मी तुला खोटं लिहिलं. आज खरं लिहायला बसले आहे आणि दोनदा उठून भांडी घासून आले. घासायला दोनच भांडी असतात, तेव्हा फार वेळ काढता येत नाही.

मला माहीत होतं.

जुलैचा पगार हातात आला तेव्हा माहीत नव्हतं. वाटलं, मागचं काही थकलेलं दिलं असेल. तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीपाशी झालं ते झाल्यापासून तुझा एक फोन नाही, पत्राला उत्तर नाही. त्या दिवशी तू पाकीट काढलंस आणि म्हणालास, "राहू दे ताई, तुझ्याकडे कुठून असणार?" तू वाईट अर्थाने म्हणाला नव्हतास. मी मात्र सगळ्यांसमोर पाकीट तुझ्याकडे सरकवलं आणि म्हटलं, अकरा महिने आईचं अंथरूण मी काढलं, तेव्हा कुठे होतास? जे एकट्याला सांगायचं ते मी चारचौघांत सांगितलं. तुझे कान लाल झालेले अजून दिसतात.

म्हणून पहिल्यांदा हातात चार पैसे जास्त आले तेव्हा ते मी तुला पाठवले. 'मुलीच्या फीसाठी, आत्याकडून.' माया होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त होता तोरा. बघ, माझ्याकडे आहे.

ऑगस्टची चिठ्ठी सप्टेंबरात आली, तेव्हा मी चष्मा लावून ती वाचली. रविवारचे जादा तास. मी बावीस वर्षांत रविवारी कामाला गेलेले नाही. हे तास कुणाचे, हे ओळखायला काही फार अक्कल लागत नाही. माझ्या नावाची खात्यात दुसरी एकच आहे, आणि सोमवारी सकाळी आम्ही येतो तेव्हा शस्त्रक्रियेच्या कपड्यांचा ढीग धुऊन वाळून तयार असतो. मी पेन्सिलीने त्या तासांभोवती गोल काढला. दुसऱ्या दिवशी कारकुनाला दाखवायची म्हणून चिठ्ठी पिशवीत ठेवली.

त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं. 'पैसे मिळाले. फी भरली. तब्येत सांभाळ.'

तीन वाक्यं. ती मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. 'तब्येत सांभाळ' मध्ये तू आधी नुसतं 'सांभाळ' लिहून मग वर 'तब्येत' घुसवलं आहेस, हेसुद्धा मला पाठ आहे. मी पिशवीतून चिठ्ठी काढली आणि डब्यात टाकली.

पुढचं तुला कळलंच असेल. पैसे गेले की आठ-दहा दिवसांत तुझ्या तीन ओळी यायच्या. पैसे नसते गेले तर आल्या नसत्या. मी दर महिन्याला दुसरीच्या रविवारांनी तुझ्या तीन ओळी विकत घेतल्या, गुंड्या. तिकडे तिला घरात खोटं पाडत होते, आणि मी दोन वाजता फाटकात तिच्या शेजारून, खाली मान घालून निघून जात होते.

आता सुनावणीचं. मुकादमाच्या कागदावर मी सही केली नाही. माझ्याकडच्या सातही चिठ्ठ्यांवर जादा तास तारखेसकट छापलेले आहेत. ते तिच्या वहीशी जुळले की पुरावाच. पण एका चिठ्ठीवर माझ्या पेन्सिलीचा गोल. आदल्या दिवशी मी खोडरबर घेऊन बसले होते. थोडं खोडलंही. कागद तिथे खरबरीत झाला आणि गोल आणखीच नजरेत भरायला लागला. मग राहू दिला.

खोली लहान होती. टेबलापलीकडे अधिकारी बाई, अलीकडे आमचा पगार कारकून, मुकादम आणि आम्ही दोघी. दुपारची माझ्या शेजारी बसली. निघताना तिने मला गुडघा दुखतो म्हणून हात दिला होता.

बाईंनी एकेक चिठ्ठी वहीशेजारी ठेवून तारखा वाचल्या. सगळ्या जुळल्या. मग त्या थांबल्या.

"हा गोल कुणी काढलाय?"

"मी."

"कधी?"

मी 'आत्ता, फेब्रुवारीत' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी म्हटलं, "चिठ्ठी आली तेव्हाच. सप्टेंबरात."

कारकून खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे यांना माहीत होतं मॅडम. लिहून घ्या. ही तर फसवणूक झाली."

"माहीत होतं का?" बाईंनी मला विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"गरज होती," मी म्हटलं. कशाची, ते सांगितलं नाही. ते पहिल्यांदा तुलाच सांगते आहे.

 शेजारी बसलेल्या दुपारचीने तिची पिशवी आमच्या दोघींच्या मधून उचलून मांडीवर घेतली.

बाई कारकुनाला म्हणाल्या, "यांनी सांगायला हवं होतं, ते चुकलंच. पण दुसऱ्याचे तास सात महिने यांच्या नंबरावर कुणी चढवले? ते यांनी नाही चढवले. आणि चुकून दिलेले पैसे परत घ्यायचे तर आधी लेखी कळवायचं, हिशेब दाखवायचा, मग हप्ते पाडायचे. माणसाच्या हातात जगण्यापुरता पगार राहिला पाहिजे. एका दमात सगळं कापून वर मान्य असल्याची सही मागता?" मुकादम छताकडे बघत होता. "आणि या दुसऱ्या बाईंचे पैसे यांच्याकडून वसूल होण्याशी बांधून ठेवू नका. त्यांनी काम केलं, त्यांना ताबडतोब द्या. तो वेगळा हिशेब आहे."

तसंच लिहून झालं. तिला सातही महिन्यांचे पूर्ण मिळायचे, आणि ते तास तिचेच असल्याचा शिक्क्याचा कागदही. तो तिने मुद्दाम मागून घेतला. सासूसाठी. माझं जास्त कापलेलं मला परत, आणि मग दर महिन्याला छोटा हप्ता, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. नोकरी राहिली. रोलरवरून मात्र मला काढलं, आता मळके कपडे निवडायला बसवलं आहे. तिथे एकटीच असते. माना हलवायलाही समोर कुणी नाही.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "माझं चुकलं गं."

तिने शिक्क्याचा कागद नीट घडी केला. "तुम्ही आज खरं बोललात म्हणून माझं काम झालं, मावशी. ते मी विसरणार नाही. पण त्या दिवशी फाटकात मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा नाही म्हणालात." आणि ती तिच्या भरभर चालीने पुढे निघून गेली. जिने उतरायला मला वेळ लागला. आता दोन वाजता ती येते तेव्हा मी फाटकाच्या अलीकडे उभी राहून तिला आधी जाऊ देते. ती जाते. रागाने नाही, नुसती जाते.

तिला तिचे पैसे कालच मिळाले, असं समजलं. ते ऐकून मी घरी आले, चहा केला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तर तूच.

मी पाठवलेले पैसे परत मागत नाही. हप्ते माझे मी फेडीन. मुलीच्या फीसाठी गेले ते चांगल्या कामाला गेले, तिला यातलं काही सांगू नकोस. तू फेब्रुवारीत धाडलेस त्यातले थोडे शिल्लक आहेत, त्यांत महिना निघेल. आणखी पाठवू नकोस. पासबुकात तुझं नाव बघितलं की मी त्याच्या मागेपुढे एखादा शब्द शोधते, आणि बँक तसले शब्द छापत नाही.

बिलाच्या खिडकीपाशी मी बोलले ते खरं होतं, पण तसं, तिथे बोलायला नको होतं. हे तुला लिहायला मला अडीच वर्षं लागली. तुझं उत्तर यावं असं फार वाटतं. पण या वेळी ते कशाच्या बदल्यात नको. नाहीच आलं, तर निदान मला कळेल की आधीची उत्तरं कशाची होती, आणि तेही कळलेलं बरं. मी दर महिन्याला एक तारखेला लिहीन. पाकिटात कागदच असेल.

आशीर्वाद मात्र तुझे आहेतच. ते कुठल्या नंबरावर चढवलेले नाहीत.

यापुढे काही न पाठवणारी,
तुझीच ताई